चाळीस गॅलन घरचं पाणी

पाणी घरचंच न्यायचं, एवढाच निर्णय मी घेतला होता. तलावाकाठी जिथे ट्रेलर लावतात तिथलं पाणी किती वाईट असतं, यावर मी एकेकाळी चार भागांची लेखमाला लिहिली होती. (चौथा भाग कोणीच वाचला नाही. दोष वाचकांचा.) तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी मी ट्रेलरची टाकी आमच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली. चाळीस गॅलन.

ट्रेलर म्हणजे आमचं चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, टेबल, सगळं आत. ट्रकच्या मागे जोडायचं आणि निघायचं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं लोरीनला पश्चिमेकडच्या त्या तलावावर आठवडाभर जायचं होतं. पण मी नेब्रास्कातल्या एका दैनिकाचा वार्ताहर. दर उन्हाळ्यात नेमका कोणीतरी राजीनामा द्यायचा, नाहीतर पूल खचायचा, आणि मी वही घेऊन धावायचो. यंदा निवृत्त झालो तेव्हा लोरीन शांतपणे म्हणाली, "एमिल, या वेळी नाही जमलं तर ट्रेलर विकून टाक. मी परत तलावाचं नाव काढणार नाही."

(ती ओरडली असती तर मी इतका घाबरलो नसतो.)

निघालो. गाव संपायच्या आत लोरीनने विचारलं, "आपल्या ट्रकचं तोंड वर का?"

"उत्साह," मी म्हणालो.

समोरून येणारे लोक हात करत होते. मीही प्रेमाने हात करत होतो. शेवटी धान्य सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावरचा आर्लिस कुचेरा, माझा शाळेपासूनचा मित्र, सरळ रस्त्यात येऊन उभा राहिला.

"विमान उडवतोयस का रे? घे काट्यावर."

"गरज नाही. माहितीपत्रकात छापलंय, हा ट्रक साडेसात हजार पौंड ओढतो. ट्रेलर भरून सहा हजारांचा."

"ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. दार उघड."

दाराच्या चौकटीवर तळहाताएवढं लेबल होतं. सहा वर्षं मी ते दार उघडतोय. त्यावर साध्या शब्दांत छापलं होतं : माणसं आणि सामान मिळून वजन बाराशे चाळीस पौंडांच्या वर कधीही जाऊ नये.

"ट्रेलरचं नाक तुझ्या ट्रकच्या शेपटीवर दाबतंय ना, तेही यातच धरायचं," आर्लिस म्हणाला.

मी भडकलो. मोठमोठ्या कंपन्यांच्या करारातली बारीक अक्षरं वाचण्यात माझं आयुष्य गेलंय! "माहितीपत्रकात मोठे आकडे आणि खरी गोष्ट दारामागे बारीक अक्षरात? ही ग्राहकांची शुद्ध..."

"अक्षरं चांगली ठळक आहेत," चष्मा न लावता लोरीन म्हणाली.

आर्लिसने ट्रक तेवढा काट्यावर घेतला. काटा धान्याचा, त्यामुळे यंत्राला आधी बाकीची माहिती लागते.

"माल कोणता लिहू? मका की सोयाबीन?"

"नवरा," लोरीन म्हणाली.

"ओलावा किती?"

"चाळीस गॅलन."

वजन लेबलापेक्षा तीनशे पौंडांनी जास्त निघालं. टाकी ट्रेलरच्या नाकाशीच होती, म्हणून घरचं पाणी रस्त्याकडेच्या गवताला पाजलं. तरी एकशे नव्वद उरलेच.

"बिडाचे तवे!" मी गरजलो. "आणि त्या जॅमच्या बरण्या!"

"तवा एक, बरण्या चार," लोरीन म्हणाली.

"आणि ट्रकमध्ये मागे, ताडपत्रीखाली काय आहे?" आर्लिसने विचारलं.

ताडपत्रीखाली सात खोकी होती. सदतीस वर्षांची माझी कात्रणं. तलावाकाठी बसून पुस्तक लिहायचा माझा बेत होता. लोरीनला सांगायचं राहून गेलं होतं.

ती खोक्यांकडे बघत राहिली. एकेका राजीनाम्याची, एकेका पुलाची बातमी घेऊन मी घरी यायचो तेव्हा बघायची, तसंच. मग वाटेसाठी केलेल्या जर्दाळूच्या कोलाच्यांची पिशवी तिने आर्लिसच्या हातात दिली. "खा तू. ताजे बन आहेत. आम्ही घरीच चाललोय."

आवाज अजिबात चढला नव्हता.

मी ताडपत्री ओढली. पहिलं खोकं उचललं. "आर्लिस, तुझ्या कचेरीत जागा आहे?"

"आहे. पण उंदीर आहेत."

"वाचू देत."

सातही खोकी मी स्वतः वाहिली. (पाचव्यानंतर कंबर धरली. सांगणार कोणाला?) वजन लेबलाच्या आत आलं, ट्रकचं तोंड खाली आलं. लोरीनने आर्लिसच्या हातातली पिशवी परत घेतली, त्याच्यासाठी दोन कोलाचे ठेवले आणि गाडीत बसली. बराच वेळ गेल्यावर तिने एक मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला.

ऊन कलायच्या आत तलाव आला. लोरीन चपला काढून गुडघाभर पाण्यात गेली आणि तिथूनच हसली. मी वही काढली नाही. नंतर तिने तिथल्या नळाचं पाणी दोन पेले प्यायलं.

"गोड आहे रे!" ती म्हणाली.

मीही पेला पुढे केला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्याने परतताना खोकी घ्यायला थांबलो. आर्लिसचा चेहरा पडला होता.

"एमिल, उंदरांनी बरंच खाल्लं रे. राजीनामे गेले, पूल गेले. तुझी ती पाण्याची लेखमालाही गेली, तीन भाग."

"आणि चौथा?"

"त्याला तोंड लावलेलं नाही."