भुयारातली बिनचूक वाट

ओसाकाच्या उमेदा स्टेशनाखालचं दुकानांनी भरलेलं भुयार मला तोंडपाठ आहे! चौतीस वर्षं टपाल वाटलंय मी त्या भागात, थट्टा नाही!

म्हणून मोठ्या मेहुणीला, ओरिएताईंना, बसवर सोडायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. तोत्तोरीची बस एक दहाची. संध्याकाळी गावी त्यांच्या गायनमंडळाचा कार्यक्रम, आणि वरचा सूर लावणाऱ्या त्या एकट्याच! बाहेर ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं.

"रस्त्यानंच जाऊ या ना, भावोजी. बसस्थानक ते काय समोर!"

"उन्हात कशाला, ताई? खालून गारेगार नेतो. पाच मिनिटं!"

पाच मिनिटांनी आम्ही एका केकच्या दुकानापाशी पोचलो. पंधरा मिनिटांनीही तिथंच!

"हे मघाचंच ना?"

"छे! यांच्या शाखा फार!"

"दुकानातल्या त्या पोरीला विचारा की."

"टपालवाल्यानं पत्ता विचारायचा? लोक हसतील!"

तेवढ्यात मोठी बॅग ओढत एक गृहस्थ तरातरा जाताना दिसले. नक्की बसचेच प्रवासी! मी गुपचूप त्यांची पाठ धरली. ताई मागून येतच असणार, असं धरून मी मान काही वळवली नाही. डावीकडे, उजवीकडे, खाली, वर... आणि गृहस्थ असे गपकन थांबले, की मी त्यांच्यावर पोत्यासारखा आदळलो!

"माफ करा हं! बसस्थानक इथंच ना?"

गृहस्थ माफी मागत कमरेत वाकले. "मला काय ठाऊक? मी या बाईंच्या मागे आलो."

पुढच्या जांभळ्या टोपीवाल्या बाई ओशाळल्या. "अहो, मी एका आजींच्या मागे आले. काय ठाम चालत होत्या!"

"कुठायत त्या?"

बाईंनी समोर बोट केलं. बायकांचं स्वच्छतागृह!

हात पुसत बाहेर आल्या ओरिएताई!

"भावोजी, तुम्ही इथं रांगेत?"

"ताई, तुम्ही न सांगता..."

"तुमचा नेम नाही, म्हटलं आधी इथं जाऊन यावं. याला पाटी तरी आहे!"

एक वाजून चार मिनिटं! ताईंनी फरशी पुसणाऱ्या मावशींना सरळ विचारून टाकलं.

"त्या पायऱ्या चढा, समोरच बस!"

पुढे ताई, मागे बाई, मग बॅगवाले गृहस्थ आणि शेपटाला मी! बस सुटता सुटता मिळाली. खिडकीतून ताई ओरडल्या, "भावोजी, घरी पोचलात की फोन करा हं!"

त्यांचा प्रवास तीन तासांचा, माझा पंचवीस मिनिटांचा. पोचल्याचा फोन मात्र आधी त्यांचाच आला!