तबकडीवरची लाल चकती

घसरणं या विषयावर आमच्या इमारतीत माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नसेल! आमची ठमी चालायला लागली त्या दिवसापासून मी घरातली प्रत्येक घसरणारी वस्तू जागच्या जागी खिळवून टाकली आहे. मोरीत रबराची चटई, सतरंजीखाली जाळी, ठमीच्या मोज्यांच्या तळव्यांना रबरी ठिपके. आमच्याकडे आलेला पाहुणा चिखल तुडवत आल्यासारखा पाय उचलून चालतो! त्यामुळे एका हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवर विचारलं, "मॅडम, इतक्या दिवसांनी जमेल ना?" तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "डोळे मिटून!"

ठमीच्या आधी मी डीजे होते. लॅपटॉपवाली नव्हे हं! दोन टर्नटेबलं, त्यांवर काळ्या तबकड्या. एकीवरचं गाणं संपत आलं, की दुसरीवरचं त्याच ठेक्यात अलगद मिसळायचं. गाणं कधी बदललं हे नाचणाऱ्याला कळता कामा नये. माझा नवरा मात्र मित्रांना सांगायचा, "ही रेकॉर्डी लावते." जसं काही, ही कुकर लावते!

मॅनेजरला शनिवारची संध्याकाळ तबकड्यांवर रंगवायची होती. एक शनिवार चाचणी, लोकांना आवडलं तर पुढचे सगळे शनिवार माझे. मला त्या शनिवारांची किती भूक होती ते काय सांगू! आठवड्यातली एक संध्याकाळ, जिच्यात मला कुणी 'आई' म्हणणार नव्हतं आणि 'अगं, पांढरा टॉवेल कुठाय?' असंही विचारणार नव्हतं.

फोन ठेवला आणि ठमीच्या खोलीतला तबकड्यांचा खोका उघडला. पहिलीच तबकडी लावली, तर ती वादळातल्या होडीसारखी वर-खाली डुलायला लागली! सुई बिचारी धापा टाकत चढ चढायची, मग धाडकन उतारावर यायची, आणि गायक पोटात कळ आल्यासारखा गळा काढायचा. दुसरी तबकडी, तिसरी, सगळ्यांची तीच तऱ्हा.

"आई," मी सासूबाईंना विचारलं, "या खोक्यावर काय ठेवलं होतं?"

"काय ठेवणार? ठमीच्या बाटल्या वाफवायचं यंत्र. इतक्या छान उंचीचा खोका! वाकायला नको."

"रोज?"

"मग? एक दिवस वाफवल्या नसत्या तर तूच घर डोक्यावर घेतलं असतंस!"

हे मात्र खरं. यंत्राचा हिरवा दिवा लागला की नाही, हे मी रोज चार-चारदा येऊन बघत होते. दिव्याखाली काय शिजतंय, ते काही मला दिसलं नाही!

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "वाकड्या रेकॉर्डी सरळ करायचा व्हिडिओ असतो."

संध्याकाळी मी ठमीला फिरवून आणलं, तर घरात जळक्या प्लास्टिकचा वास. साहेब ओव्हनसमोर उकिडवे बसलेले!

"अरे, काय भाजतोयस?"

"सरप्राइज! तुझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड सरळ करतोय."

"मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?"

त्यानं दार उघडलं. कॉलेजात असताना घेतलेल्या माझ्या पहिल्या तबकडीचा वाडगा झाला होता. कडेला छान चुण्यासुद्धा पडल्या होत्या!

"अय्या!" सासूबाई म्हणाल्या. "किल्ल्या ठेवायला बरा आहे की!"

मी काही बोलले नाही. आमच्या घरात मी काही बोलले नाही की सगळ्यांना वाटतं, विषय मिटला.

खरी अडचण पुढेच होती. टर्नटेबलच्या फिरत्या तव्यावर एक मऊ कापड असतं. आपण तबकडीला बोट लावून थांबवलं, तरी खालचा तवा फिरत राहायला हवा, म्हणून ते. म्हणजे तबकडी घसरायला हवी, पण आपण म्हणू तेव्हाच! माझ्या वाकड्या बायांचं कापडाला अंग लागतच नव्हतं, त्यामुळे त्या मनाला येईल तेव्हा घसरायच्या. आता घसरण म्हटल्यावर माझ्यातली आई जागी झाली! मोरीतल्या रबरी चटईचा गोल कापला आणि तव्यावर टाकला. तबकडी जागची हलेना. पण बोट लावलं की तबकडीबरोबर सगळा तवाच थांबायचा, आणि गाणं रेड्यासारखं हंबरून गप्प व्हायचं! वर चटईला भोक पडलं म्हणून सासूबाईंचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

शुक्रवारी ठमी खेळत होती. तिच्या मनोऱ्याच्या लाकडी चकत्या एकावर एक. त्यातली लाल चकती चांगली जड! मधोमध भोक! मी भोकाला आतून चिकटपट्टी लावून ते टर्नटेबलच्या मधल्या खुंटीएवढं लहान केलं आणि तबकडीवर लाल चकती बसवली. तबकडी शहाण्या मुलीसारखी खाली बसली. दुसऱ्या टर्नटेबलला पिवळी. गाणं सरळ, ठेका पक्का! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

शनिवारी सकाळीच टर्नटेबलं आणि तबकड्या हॉटेलात पोचवल्या. दुपारी ठमी झोपल्यावर दोन्ही चकत्या पिशवीत टाकल्या आणि चोरासारखी घराबाहेर पडले.

हॉटेलात पहिला अर्धा तास काय गेला म्हणून सांगू! लाल चकतीवरून पिवळीवर, पिवळीवरून लालवर. कोपऱ्यातलं एक वयस्कर जोडपं खुर्च्या सरकवून नाचायला उठलं. मॅनेजरनं लांबूनच अंगठा दाखवला. माझे हात सगळं विसरले नव्हते. नुसते लंगोट बदलायला शिकले होते एवढंच!

इतक्यात खिशातला फोन थरथरला. एकदा, दोनदा, पाच वेळा. घरून! माझ्या डोळ्यांपुढे इस्पितळ, टाके, रुग्णवाहिका, सगळं आलं. एका हातानं तबकडी धरून दुसऱ्यानं फोन घेतला.

"अगं, तिची लाल चकती कुठाय? उठल्यापासून नुसता आकांत! पलंगाखालीसुद्धा शोधली."

माझ्यासमोर लाल चकती गरगर फिरत होती.

"बघ... असेल तिथेच कुठेतरी," मी म्हणाले. "तिला जरा बाहेर फिरवून आण."

या वाक्याचा पश्चात्ताप मी अजून करते. कारण त्यानं खरंच फिरवून आणलं. माझ्याकडेच! दारातून कोट घातलेला नवरा, मागून सासूबाई, आणि त्याच्या कडेवर सुजलेल्या डोळ्यांची ठमी.

"आईला बघितलं की शांत होईल म्हटलं," असं म्हणून त्यानं तिला खाली सोडलं. ठमीनं आईला बघितलंच नाही. तिनं चकती बघितली!

"माजी!"

ठिपक्यांच्या मोज्यांमुळे ती मुळीच घसरली नाही. तीरासारखी आली, स्टुलावर चढली, आणि फिरत्या तबकडीवरून चकती उचलून पोटाशी धरली.

तबकडीनं उसळी घेतली. सुई मागच्या रेषेत पडली आणि गायिका म्हणाली, "परत ये." पुन्हा, "परत ये." पुन्हा, "परत ये!" पुढच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ही माझी करामत! मी बोट टेकवलं, तर तबकडी कापडावरून तिरकी घसरली. दुसरं गाणं सुरू करायला वळले, तर स्टूल डुगडुगलं आणि मी दोन्ही हात सोडून ठमीला पकडलं. सुई तबकडीवरून आडवी गेली. टर्र्र्र! भिंत फाटल्यासारखा आवाज! वयस्कर जोडपं होतं तिथेच थिजलं. वेटरच्या हातातलं सूप एका गृहस्थांच्या मांडीवर गेलं.

मग शांतता. आणि त्या शांततेत गाणं सुरू झालं. कुठलंही, कुणाच्याही फोनवर असतं तसलं गाणं! वळून बघते तर नवऱ्यानं आपला फोन स्पीकरला जोडलेला. तो सकाळी पळायला जाताना ऐकतो ती यादी! सुटल्याच्या आनंदात सगळं हॉटेल टाळ्या वाजवायला लागलं.

मॅनेजर धावत आला. मी ठमीला कडेवर घेऊन तोंड उघडलं, पण तो माझ्या अंगावरून पुढे गेला आणि त्यानं नवऱ्याचा हात धरला.

"साहेब, वाचवलंत! दर शनिवारी याल का?"

"मी? छे, छे, छे! मला कुठं यातलं काही कळतंय!" नवरा म्हणाला. "किती वाजता?"

परतताना मी ठमीला घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले. ठमी चकती धरून झोपली होती.

"चिडलीस?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"अगं, काम शेवटी आपल्याच घरात आलं ना!"

"आणि त्यालाही काहीतरी विरंगुळा हवाच की," मागून सासूबाई म्हणाल्या. "आठवडाभर राबतो बिचारा."

आता दर शनिवारी संध्याकाळी तो कोट चढवतो आणि वाडग्यातून गाडीची किल्ली उचलतो. माझी टर्नटेबलंही नेतो. वाजवायला नव्हे! गाणी फोनवरच असतात. पण तबकड्या फिरताना दिसल्या की लोकांना बरं वाटतं म्हणे. सुई वर, तबकडी खाली, आणि मध्ये हे उभे, एका कानाला हेडफोन लावून. वयस्कर जोडप्यानं त्याच्यासोबत फोटोही काढून घेतला!

वाकड्या तबकड्या डुललेल्या पुढच्या टेबलावरून दिसतात, अशी मॅनेजरची तक्रार आली. म्हणून तो लाल चकतीही घेऊन जातो.

तो गेला की ठमी चकती शोधायला लागते. पलंगाखाली, सतरंजीखाली, माझ्या पदराखाली. मग भोकाड! भिंती पातळ आहेत. परवा शेजारीण काळजीनं विचारायला आली, तेव्हा तिला सांगून ठेवलंय, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडून रडण्याचा आवाज आला, तर तो ठमीचाच असतो.