शून्यवाले शेंडे

शेंड्यांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्या गमती सांगितल्या की लोक हसतात, आणि हसून झाल्यावर कोणीतरी विचारतंच, "पण त्यांना शून्यवाले का म्हणायचे?" तिथे मी विषय बदलत असे. आज बदलणार नाही.

घरोघर जाऊन माहिती गोळा करायची, सरासऱ्या काढायच्या, अहवाल द्यायचा, असं काम करणारी आमची पुण्यातली छोटी संस्था. मी प्रमुख. दिगंबर शेंडे आकडेवारी सांभाळायचे. एका सकाळी त्यांनी सगळ्या कचेरीत पेढे वाटले. मूलबाळ नव्हतं, तेव्हा नातू झाल्याचा प्रश्न नव्हता. मी कारण विचारलं.

"नवी आवृत्ती आली," ते म्हणाले.

आमचा सांख्यिकीचा प्रोग्राम फुकट मिळणारा होता. देशोदेशीचे हौशी लोक मिळून तो सुधारत, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काय काय बदललं याची लांबलचक यादी देत. ती कोणी वाचत असेल असं लिहिणाऱ्यांनाही वाटत नसावं. शेंडे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मग संस्थेच्या जुन्या पाहण्या नव्या आवृत्तीत पुन्हा चालवून बघत. उत्तरं तीच आली, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर नॉर्मल निघाल्यासारखा चेहरा करून सांगत, "साहेब, आकडे जागेवर आहेत."

पुढे पुढे त्यांना सगळ्याच गोष्टींच्या बदलांची यादी हवीशी वाटू लागली. सोसायटीत नवे अध्यक्ष निवडून आले, तर यांनी भर सभेत विचारलं, की मागच्या अध्यक्षांमधल्या कोणत्या चुका यांच्यात दुरुस्त केल्या आहेत? बुधवार पेठेतल्या मिसळवाल्याने आचारी बदलला, तेव्हा काय बदललं ते फळ्यावर लिहा म्हणाले. मालक गल्ल्यावरून मान वर न करता बोलला, "आधी गिऱ्हाईक बदलून बघतो."

मग धायरीची पाहणी आली. घरटी पाणी किती लागतं, ते मोजायचं होतं. ज्या घरांना कुलूप होतं, त्यांचे रकाने कोरे ठेवले होते. अहवाल निघायच्या आदल्या दिवशी शेंडे यादीचा कागद घेऊन माझ्या खोलीत आले. जुनी आवृत्ती कोरा रकाना शून्य धरते, नवीत ते सुधारलंय, थोडं थांबा, पुन्हा चालवून बघतो, असं सांगायला लागले.

मी म्हणालो, "अहो शेंडे, धायरीला पाणी हवंय, तुमची यादी नकोय."

अहवाल तसाच गेला. कुलपाच्या घरांनी थेंबही वापरला नाही असं धरून सरासरी निघाली होती. गावकऱ्यांसमोर मी ती वाचली, तेव्हा एक म्हातारबा उठले. "एवढ्या पाण्यात आमची म्हस बी भागत न्हाय, साहेब."

सभा हसली. बाहेरून आलेले पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "आमच्या शेंड्यांच्या फुकटच्या प्रोग्रामचा घोळ आहे. त्यांच्याकडून तपासायचं राहिलं."

शेंड्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उभे राहून एवढंच म्हणाले, "दुरुस्त करून देतो." दिलंही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. नवी मुलं त्यांच्याकडे काम द्यायला कचरू लागली. त्यांच्या निरोपसमारंभातही कोणीतरी शून्यावरून विनोद केला. मीही हसलो.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मनाशी ठरवून त्यांच्या घरी गेलो. वहिनी वारल्यापासून ते एकटेच राहत. दार उघडून शेंडे इतके खूश झाले, की मी कशाला आलो हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. संगणकासमोर बसवून नव्या आवृत्तीची यादी वाचून दाखवू लागले. शेवटी आभाराची नावं होती. त्यांत दिगंबर शेंडे, पुणे. धायरीनंतर त्यांनी त्या प्रोग्राममधल्या कितीतरी चुका शोधून कळवल्या होत्या. माझी छाती अशी फुगली, की जणू माझंच नाव छापून आलंय. हा माणूस माझ्या संस्थेत होता, हे मी अजूनही भेटेल त्याला ऐकवतो.

न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी सभेत का नाही सांगितलंत, की तुम्ही मला थांबवायला आला होतात?"

ते पडद्याकडेच बघत होते. "साहेब, या लोकांची एक रीत मला फार आवडते. काय दुरुस्त झालं ते लिहितात. चूक कोणी केली ते लिहीत नाहीत."

मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बसा हो थोडं. मागच्या आवृत्तीची यादी वाचायची राहिलीच." ती ऐकली. तिच्या मागचीही ऐकली. दारापर्यंत आले, तेव्हा शब्द माझ्या तोंडात होते. त्यांनी पुढच्या आवृत्तीला नक्की या म्हटलं, आणि मी नुसती मान हलवून जिना उतरलो. ती आवृत्ती आली तेव्हा शेंडे नव्हते.

त्यांची रीत मोडून चूक कोणाची ते लिहितो आहे. दारात एवढंच म्हणायचं होतं: शेंडे, तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही, आणि चारचौघांत तुमचं नाव पुढे केलं. मला माफ करा.