तीन पुकारे

आमच्या कोर्टात जुनी फाईल फाडायच्या आधी तायडेबाबू तिच्या पक्षकारांना हाक मारायचे. रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहून, छाती फुगवून, तीनदा. "वादी अमुक वल्द तमुक, हाजिर हो!" पक्षकार बहुधा केव्हाच वारलेले असत. बाबू तरी प्रत्येक हाकेनंतर कान देऊन थांबत. मग फाईलला म्हणत, "कोनी नाही. जा माय, मोकळी झाली तू."

व्हरांड्यातले वकील हसत. "बाबू, वर समन्स पाठवा!"

"पत्ता द्या न, वकीलसाहेब. आजच पाठवतो."

बाबू रेकॉर्डकीपर, मी शेजारच्या टेबलावर नकला देणारा कारकून. लाल कापडात बांधलेला प्रत्येक बस्ता आपण वासावरून ओळखतो, असा बाबूंचा दावा होता. "हा भाऊहिश्शाचा. भांडनाचा वास वेगळाच येते." वाळवीला ते 'सासरची मंडळी' म्हणत. कुणी बस्त्याची गाठ करकचून आवळली की ओरडत, "काऊन बे, बैल बांधून राह्यला का?"

आता माझा गुन्हा सांगतो. धामणगाव बढ्याची म्हातारी गंगूबाई जुन्या हुकूमनाम्याची नक्कल मागायला आली. विहिरीकडे जायची वाट तिची, असं त्यात लिहिलं होतं आणि पुतण्याने ती काट्या टाकून बंद केली होती. मी रजिस्टर उघडलं. त्या वर्षाच्या सगळ्या फायली नष्ट करायच्या यादीत होत्या. यादी मीच केली होती. हुकूमनामे वेगळे काढून कायम ठेवायचे असतात, हे मला ठाऊक होतं. तरी कंटाळून मी पूर्ण वर्ष एकाच कंसात घातलं होतं. फायली अजून कपाटातच होत्या आणि कपाट दहा पावलांवर होतं. मी बसल्या जागी अर्जावर लिहिलं, 'अभिलेख नष्ट'. ती पुन्हा आली, तेव्हाही तेच सांगितलं.

तिसऱ्यांदा आली त्या दिवशी नेमक्या त्याच फायली फाडायला निघाल्या होत्या. ती बाकावर बसून होती. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात दारातून हाक आली, जुन्या कागदातली, नवऱ्याच्या नावासकट : "वादी गंगूबाई मर्द तुळशीराम, हाजिर हो!"

म्हातारी ताडकन उठली. "हाजिर हाय जी! तुळशीराम तेवढा वारला."

आयुष्यभराच्या हाकांना पहिल्यांदा उत्तर आलं होतं. बाबूंनी घाबरून दाराची चौकट धरली. मग फाईल डोक्यावर घेऊन ते व्हरांडाभर नाचले. "आली! पक्षकार आली!" वकिलांनी टाळ्या वाजवल्या. मी साहेबांपुढे चूक कबूल केली, शेरा खोडला, सगळी यादी पुन्हा तपासली. आणखी चार हुकूमनामे फाडले जाण्यापासून वाचले.

काही महिन्यांनी गंगूबाई सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी घेऊन आली. "घ्या, इहिरीवरचा हाय. वाट मोकळी झाली."

सांभार निवडता निवडता मी बाबूंना विचारलं, ही हाक तुम्ही कधीपासून मारता?

"माही माय सरूबाई एका बांधाच्या केसमंधी साक्षीदार होती," बाबू म्हणाले. "फोटो नाही तिचा. त्या फाईलीत तिचं बोलनं लिहेल होतं अन् खाली अंगठा, तेवढंच. नोकरीले लागलो अन् पह्यले तीच फाईल पाह्यला गेलो. आदल्याच साली फाडेल होती. कोनी हाक नाही मारली, बाप्पा. मारली असती तं मी आलो असतो."

बाबू निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे आटोपल्यावर मी रेकॉर्ड रूमच्या दारात जाऊन उभा राहिलो. "साक्षीदार सरूबाई मर्द नामदेव, हाजिर हो!" दुसरी हाक दारातच विरली.

"आवाज खुला काढ बे," खुर्चीतून बाबू म्हणाले.

मी तिसरी हाक मारली, कोर्टाच्या फाटकापर्यंत जाईल अशी. बाबू गळ्यातल्या हारासकट उठून उभे राहिले. टोपी सारखी केली.

"हाजिर हाय जी."