काटकोनातला चॅम्पियन

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी चॅम्पियन बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, ते वर आलेच नाहीत.

"काय झालं?" बायकोनं दारातून विचारलं.

"काही नाही. जरा थांबलोय."

"थांबलाय कसले! उसण भरलीय तुमच्या कमरेत. फोन करून सांगा, खेळत नाही म्हणून."

सांगणं सोपं होतं. पण नऊ वेळा क्लबचं अजिंक्यपद मिळवलेल्या माणसानं सत्तावन्नाव्या वर्षी चालून आलेलं दहावं असं फोनवर सोडून द्यायचं? त्यातून समोर होता खुद्द जावई. वय एकोणतीस, अंगात घोड्याचा दम. तो न खेळताच जिंकला असता, तर "बाबा, तुम्ही आराम करा" म्हणत जन्मभर सासऱ्याच्या पाठीमागे उशा लावत बसला असता. प्राण गेला तरी चालेल पण उशी नको, असं चॅम्पियननी ठरवलं.

बायकोनं मलम चोळलं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. पाय चालू लागले. कंबर मात्र हट्टानं काटकोनातच राहिली. हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखे चॅम्पियन कोर्टवर आले. पंचांना वाटलं, आपल्याला मान देताहेत. तेही गडबडीनं वाकले.

"बाबा, असं उभं राहायचं नवीन काढलंत का?" जावयानं विचारलं.

"चाळिशीनंतर मोठमोठे खेळाडू असेच उभे राहतात," चॅम्पियननी स्वतःच्या बुटांना सांगितलं.

हात डोक्यावर जाईना, म्हणून त्यांनी सर्व्हिस खालूनच केली. चेंडू कसाबसा नेट ओलांडून टपकन पडला. मागच्या रेषेवरून जावई जिवाच्या आकांतानं धावत येईपर्यंत त्याचा दुसरा टप्पाही पडून गेला होता. धावणं शक्यच नसल्यानं लांबचे चेंडू चॅम्पियन खुशाल सोडून देत. हाताशी आलेला तेवढा अलगद कोपऱ्यात ठेवत, आणि जावई पुढे आला की डोक्यावरून मागे ढकलत. पहिला सेट सहा-दोन! जावई घामानं निथळत होता, चॅम्पियनच्या कपाळावर थेंब नव्हता.

"याला म्हणतात अनुभव!" प्रेक्षकांतले दातांचे डॉक्टर शेजाऱ्याला म्हणाले. "शक्ती कशी राखून ठेवलीय बघा."

मुलीला राहवेना. नवरा हरतोय हे विसरून ती धावत आली आणि तिनं बापाच्या पाठीत सणसणीत थाप मारली. "बाबा, कमाल केलीत!"

कट् असा आवाज झाला आणि चॅम्पियन ताठ उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना आभाळ दिसलं.

"झालं. आता संपलं," बायको पुटपुटली.

"आता दाखवतो!" चॅम्पियन म्हणाले.

आणि त्यांनी दाखवलं. प्रत्येक चेंडूमागे ते विशीतल्यासारखे धावले. सर्व्हिस अशी काही हाणली, की दोन नेटमध्ये गेल्या आणि तिसरी पंचांच्या छत्रीवर. पंधरा मिनिटांत त्यांना धाप लागली. दुसरा सेट शून्य-सहा. तिसरा एक-सहा, आणि तो एक गेमही नवऱ्यानं लाजेकाजेस्तव दिला, अशी मुलीची खात्री होती.

चषक काखेत मारून जावई तडक सासऱ्याकडे आला. "बाबा, खरं सांगू? पहिल्या सेटमध्ये तुमच्यापुढे माझी डाळ शिजत नव्हती. तसं खेळायला काय लागतं हो?"

चॅम्पियनचा पडलेला चेहरा एकदम फुलला. "वय लागतं, जावईबापू. तपश्चर्या लागते!"

"काही नाही लागत," घामट टॉवेल पिशवीत कोंबत बायको म्हणाली. "नुसती उसण लागते."

जावयानं आदरानं मान डोलावली, मोबाइल काढून तो शब्द नीट टिपून घेतला आणि विचारलं, "आई, ती उपाशीपोटी घ्यायची, की काही खाऊन?"