दुसरं आडनाव

विओरिका लुंगूच्या अर्जावर एक चौकोन रिकामा होता, आणि लुगोच्या नोंदणी कचेरीतल्या सेल्सो कारकुनाला रिकामे चौकोन पाहवत नसत.

"आईचं आडनाव, सेन्योरा. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं लागतात. एक बापाचं, एक आईचं. एकात फक्त कुत्र्याचं भागतं."

"मी अनाथाश्रमातली. लुंगूसुद्धा तिथल्या चौकीदाराचं. मी पायरीवर सापडले, तेव्हा त्याची पाळी होती."

"मग मोल्दोव्हातून कागद मागवा. पण एकशे ऐंशी दिवसांच्या आत राजाशी निष्ठेचं वचन दिलं नाहीत, तर मंजूर झालेलं नागरिकत्व गेलं. पुन्हा श्रीगणेशा!"

कागद यायला पाच महिने लागले. तेवढ्यात दोन्या एर्मितास, म्हणजे एर्मितासबाई, वारली.

एक्क्याण्णव वर्षांच्या या म्हातारीला विओरिकाने अकरा वर्षं सांभाळलं होतं. म्हातारीचं आडनाव रेय. रेय म्हणजे राजा. तिचे वडील, मास्तर रेय, राजा नकोच म्हणणाऱ्यांतले. यादवी युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. तेव्हापासून त्या घरात राजाचं नाव काढायला बंदी होती, आणि दारावरची पाटी सोडली तर ती कडक पाळली जाई.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी म्हातारीनेच करून घेतली होती, खाटेवरून.

"नागरिकाचं कर्तव्य सांग."

"काम करणं."

"आणि हक्क?"

"काम करणं."

"थापा नको मारूस."

"संविधानातच आहे, बाई. दोन्हीकडे तेच."

"मग तुझ्याकडे दोन्ही भरपूर आहे. आता मला कुशीवर वळव. आणि हे बघ, तिथे शपथ नको घेऊस, वचन दे. शपथ मोडली तर पाप लागतं, वचन मोडलं तर नुसतं वाईट वाटतं."

वचनाच्या वाक्यात 'रेय' आला की म्हातारी मुद्दाम खोकायची, शब्द बुडेल इतक्या जोरात. विओरिकाला ते वाक्य खोकल्यासकटच पाठ झालं होतं.

एकशे ऐंशीव्या दिवशी, शुक्रवारी, दोनला कचेरी बंद व्हायला वीस मिनिटं असताना सेल्सोने मोल्दोव्हाचा कागद वाचला. आई: नेकुनोस्कुता. नावांचं भाषांतर करायचं नसतं म्हणून भाषांतरकाराने शब्द तसाच ठेवला होता.

"विओरिका लुंगू नेकुनोस्कुता," सेल्सो चवीने म्हणाला. "भारदस्त आहे. बडं घराणं दिसतंय."

"बडं आहे. आश्रमात आम्ही चाळीसजणी त्याच घराण्यातल्या."

"बघा!"

"नेकुनोस्कुता म्हणजे अज्ञात."

सेल्सोने पेन खाली ठेवलं. मग संगणकाकडे पाहिलं. तिथे हिरवी खूण उमटली होती.

"याला चाललंय हो. करून टाका सही."

"पासपोर्टवर अज्ञात? दारावर अज्ञात? उद्या थडग्यावरही तेच? नाही करणार."

"वचन न देताच परत जाल?"

"जाईन."

सेल्सोने उसासा टाकून एक जाडजूड पुस्तक उघडलं. "ज्याला आई ठाऊक नाही, त्याने वापरातलं कुठलंही आडनाव घ्यावं, असा नियम आहे."

"हे पाच महिन्यांपूर्वी नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुमची आई अज्ञात आहे, हे ठाऊक नव्हतं ना! चला, बारा मिनिटं उरलीत. कुठलं घेता?"

विओरिकाला बारा मिनिटं लागली नाहीत.

"रेय."

सेल्सो उठून उभाच राहिला. "राजाचं नाव? सेन्योरा, इथे जन्मलेल्यांनाही एवढं सुचत नाही!"

त्याने चौकोन स्वतः भरला, सुवाच्य अक्षरात, आणि वचनाचा कागद पुढे सरकवला. विओरिकाला कागद लागलाच नाही.

"मी वचन देते, की रेयशी..."

ती थांबली. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

"अडलं का?" सेल्सोने हळूच विचारलं.

"नाही. इथे कुणीतरी खोकतं."

सेल्सोने इकडेतिकडे पाहिलं. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. भांबावून शेवटी तोच थोडंसं खोकला.

"...रेयशी निष्ठा राखीन," विओरिका म्हणाली, "आणि संविधान पाळीन." डोळे पुसून तिने सही केली. पहिल्यांदाच दोन आडनावांची.

ती गेल्यावर सेल्सोने शेजारच्या खोलीत डोकावून सहकाऱ्याला सांगितलं, "बावीस वर्षं झाली इथे. राजासाठी असं रडताना मी कुणाला पाहिलं नाही."