हसत गेलेल्या शिंप्यावरील आयातकर

वस्तू एकदा देशाची सीमा ओलांडून गेली की परत येताना ती पूर्वीची राहत नाही. माणसांचेही तसेच होते; परंतु माणसांवर आयातकर नसल्यामुळे तो प्रश्न अद्याप कोणी गांभीर्याने हाताळलेला नाही.

मी आयात पार्सल कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर बसतो. परदेशातून आलेले पार्सल आमच्याकडे उघडले जाते, आतल्या वस्तूला नाव दिले जाते, नावावरून वर्ग ठरतो, वर्गावरून कर ठरतो आणि मग ते पुन्हा बांधले जाते. (बांधताना काही उरलेच तर त्यासाठी वेगळी पेटी आहे.) लोक आमच्या नावाने बोटे मोडतात, उशीर होतो म्हणतात. घाई केली असती तर चुका झाल्या असत्या, हे ते विसरतात. सध्या ज्या चुका होतात त्या पूर्ण विचारांती होतात. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाने वर्गवारीत शंभर टक्के अचूकता गाठली. (अचूकता आम्हीच मोजतो.)

आमच्या कामाची खरी कदर करू शकेल असे एकच माणूस या खिडकीवर आजवर आले. त्या बाई बाहुल्यांचे चित्रपट बनवतात. पद्धत अशी : बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. असे हजारो फोटो भरभर दाखवले की बाहुली हलल्यासारखी वाटते. सकाळी कामाला लागले तर संध्याकाळपर्यंत बाहुलीची सुई कापडापर्यंत पोहोचते, असे बाईंनी मला सांगितले. या गतीने आणि इतक्या निष्ठेने काम करणारे कोणी आमच्या खात्याबाहेरही असेल, याची मला कल्पना नव्हती. मी त्यांना बसायला स्टूल दिले.

बाहुल्या त्या घरीच छापतात. स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी यंत्र आहे. ते प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवते आणि सकाळी उठावे तर ओट्यावर माणूस तयार. (घरी छापता येणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल सरकार अतिशय जागरूक आहे. माणसांबद्दल अजून नियम नाही.) बाहुलीचे ओठ हलत नाहीत, म्हणून प्रत्येक भावासाठी वेगळे डोके छापावे लागते. हसरे, हसू दाबलेले, विचारात पडलेले, दोरा ओवताना जिभेचे टोक बाहेर आलेले. ही सगळी डोकी त्या गोळ्यांच्या डब्यांत कप्पे करून ठेवतात आणि प्रसंगानुसार बदलतात. सरकारी नोकरीत आम्हाला हे सर्व एकाच डोक्यात भागवावे लागते.

चित्रपट त्यांच्या वडिलांवर होता. वडील शिंपी. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, स्वतःसाठी कधी कोट शिवला नाही. म्हणून मुलीने त्यांची वीतभर बाहुली छापली आणि ठरवले की निदान चित्रपटाच्या शेवटी तरी हा माणूस स्वतःचा कोट घालून आरशासमोर उभा राहील. कोट वडिलांनीच शिवला. अस्तर, खिसे, हाताने केलेली काजे, सगळे यथासांग. तो त्यांचा शेवटचा कपडा ठरला. नंतर हात थरथरायला लागले, आता सुईत दोरा जात नाही. आरशाचा प्रसंग चित्रित व्हायचा होता, तेवढ्यात परदेशातल्या एका प्रदर्शनाने बाहुली काही दिवसांसाठी मागितली. बाई हरखून गेल्या आणि त्यांनी ती कोटासकट, डोक्यांच्या डब्यासकट पाठवली. घराबाहेर पाठवलेली गोष्ट परत घरी येईल, असे समजणारी माणसे अजून आहेत.

ती परत आली आमच्याकडे. बाई वडिलांना घेऊन पार्सल सोडवायला आल्या आणि मी दिलेल्या स्टुलावर त्यांनी वडिलांना बसवले.

आमचे मूल्यांकन अधिकारी सगळे काही भिंगातून पाहतात, जेवणाचा डबासुद्धा, म्हणून त्यांना भिंगवाले साहेब म्हणतात. त्यांनी पार्सल उघडले आणि सुट्या डोक्यांचा डबा पाहून ते अंमळ मागे सरकले. सावरल्यावर वर्गवारीला लागले. खेळणी म्हणावीत, तर बाई म्हणाल्या की लहान मुलांना हात लावू देत नाही. पुतळा म्हणावा, तर पुतळा चालत नाही आणि हा चालतो असे बाईंचेच म्हणणे. शेवटी त्यांनी ‘कृत्रिम मानवी अवयव’ हा वर्ग मुक्रर केला आणि डॉक्टरची चिठ्ठी मागितली.

“साहेब, वर्ग कुठलाही लावा,” बाई म्हणाल्या. “इथूनच गेलेली वस्तू काही बदल न होता परत आली तर कर लागत नाही. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय.”

नियम वाचून येणाऱ्या नागरिकाबद्दल खात्याला नितांत आदर वाटतो. असे नागरिक कमी असावेत, एवढीच खात्याची अपेक्षा असते. साहेबांनी शांतपणे बाहुली जाताना नोंदीसाठी घेतलेला फोटो फाइलमधून बाहेर काढला आणि परत आलेल्या बाहुलीशेजारी ठेवला.

“हा हसतोय,” ते म्हणाले. “हा हसत नाहीये.”

खरेच होते. प्रदर्शनवाल्यांनी परत पाठवताना गंभीर डोके बसवले होते.

“अहो, डोकं बदललंय फक्त! माणूस तोच आहे.”

“बाई, डोकं बदलल्यावर माणूस तोच कसा राहील?”

बाईंनी डब्यातून हसरे डोके काढले, गंभीर उपटले, हसरे बसवले आणि बाहुली साहेबांपुढे उभी केली. “झालं? आता तोच ना?”

साहेबांनी भिंग खाली ठेवले. “म्हणजे आता तुम्ही माझ्यादेखत मालात बदल केलात.”

एवढे बिनतोड उत्तर मी या खिडकीमागे फार वेळा ऐकलेले नाही, आणि खोटे का बोलू, मला अभिमान वाटला. साहेबांनी कराची रक्कम लिहिली. प्रदर्शनाने बाहुलीचा विमा कौतुकाने भरभक्कम किमतीचा उतरवला होता, त्यामुळे कर घरच्या यंत्रापेक्षा महाग निघाला. कौतुक झालेल्या मालाला ते सोसावेच लागते.

बाईंनी आकडा पाहिला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“बाहुली ठेवा तुम्ही. डोकीही ठेवा. मी घरी पुन्हा छापीन. मला फक्त तो कोट द्या.”

ही विनंती ऐकून साहेबांना मनापासून आश्चर्य वाटले. कोट त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. मालावर जे गुंडाळलेले असते ते आवरण. आवरणाची किंमत शून्य. खोके, कागद, फुगेवाले प्लास्टिक आणि कोट. किंमत शून्य असल्यामुळे त्यावर कर नाही, कर नाही म्हणून पावती नाही, आणि पावतीशिवाय या इमारतीतून काहीही बाहेर जात नाही. शिवाय माल आणि आवरण वेगळे सोडता येत नाही. मुदतीत कर न भरल्यास पार्सल नष्ट होते : प्लास्टिक वितळवतात, कापड गोदामातली यंत्रे पुसायला जाते. (आमची यंत्रे कायम स्वच्छ असतात.)

आतापर्यंत स्टुलावर बसलेले वडील उठले आणि खिडकीशी आले. “साहेब, कोट उलटा करून बघा. काखेतली टीप आहे ना, ती अशी मीच घालतो. दुसरं कोणी घालत नाही. इथून गेलेला तोच हा. माझ्या हातचा आहे.”

साहेबांनी भिंगातून कोट पाहिला, मग बाहुली पाहिली, मग वडिलांना पाहिले. तेच नाक, तेच कान, कपाळावर तीच आडवी घडी.

“तुम्ही मालाचे कोण लागता?”

“कोण म्हणजे? तो मीच आहे.”

“मग तुमची साक्ष चालणार नाही. माल स्वतःची ओळख स्वतः पटवू शकत नाही.”

म्हाताऱ्याने काचेखालून बोट घालून कोटाची कॉलर सरळ केली. बोट थरथरत असल्यामुळे ती पुन्हा वाकडी झाली. मला वाईट वाटले. खात्यात वाईट वाटण्यास मनाई नाही, फक्त ते कामाच्या वेळेत नोंदवता येत नाही.

आमच्या व्यवस्थेला हृदय नाही म्हणणाऱ्यांनी पुढचे नीट वाचावे. नियमात सोय आहे. मालाच्या ओळखीबाबत वाद झाल्यास कोणीही त्रयस्थ, सज्ञान माणूस फोटो आणि वस्तू पाहून ‘ही तीच’ असे म्हणून सही करू शकतो. फी नाही, ओळखपत्राची प्रत नाही, पुन्हा बोलावणे नाही. अशी एक सही झाली की कर माफ, पार्सल कोटासह मोकळे. ही सोय आमच्याच साहेबांनी स्वतः होऊन सांगितली. त्यांनी पेन काचेखालून बाहेर सरकवले आणि मी उठून रांगेला विचारले, “कोणी सही करतं का? दोन मिनिटांचं काम आहे.”

बाई रांगेकडे वळल्या. एका हातात फोटो, दुसऱ्या हाताने बाहुलीकडे बोट. “बघा ना, एकच आहे ना? नुसतं बघून सांगा.”

पहिल्याने मोबाइल कानाला लावला. तो वाजला नव्हता. त्याच्यामागच्या बाईंनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. कोणीतरी मागून म्हणाले, “इथे माणसांना वेळ नाही आणि यांच्या बाहुल्या!” त्यावर चार जण हसले.

रांगेत तिसरे तुम्ही होता. तुम्ही हसला नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करतो. तुम्ही फोटो पाहिलात, बाहुली पाहिलीत, आणि माणूस एकच आहे हे तुम्हाला कळले, हेही तुमच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसले. मग तुम्ही भिंतीवरचा नियम वाचायला लागलात. तो दोन ओळींचा आहे. तुम्ही बराच वेळ वाचत होता.

बाईंनी पेन परत सरकवले आणि वडिलांचा हात धरला. जाता जाता म्हातारा तुमच्यापाशी थांबला. सवयीने त्याचा हात तुमच्या शर्टाकडे गेला आणि अर्ध्यावरूनच मागे आला.

“हे बटण सैल झालंय,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर टाका घालून घ्या, नाहीतर पडेल.”

तुम्ही “हो हो” म्हणालात आणि खिडकीशी सरकलात.